धुऊन, इस्त्री करून

कुमुदताई गेल्याचं मला कळलं ते मोबाईलवर आलेल्या एका चित्रावरून. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होते. सकाळी मेथी निवडत बसले होते आणि भोपाळच्या आमच्या जुन्या वसाहतीच्या ग्रुपवर ते चित्र येऊन पडलं. समई, कमळ, जोडलेले हात, मधोमध कुमुदताईंचा फोटो आणि खाली ‘सेवा की प्रतिमूर्ति सिस्टर कुमुद वैरागडे को विनम्र श्रद्धांजलि’. फोटो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातला, मोठ्या फोटोतून कापून काढलेला. कापणाऱ्याने घाई केली असावी, कारण त्यांच्या पुढ्यात पुष्पगुच्छ धरणारा एक पुरुषी हात सोनेरी पट्ट्याच्या घड्याळासकट तसाच राहून गेला होता. तो हात मी ओळखला. खरं सांगते, रडू येण्याआधी मला किळस आली.

जरा मन निवलं की लिहू, असं ठरवलं होतं. कामं क्रमाने करायची मला सवय आहे. आधी भोपाळला परत येणं, मग कोलार रोडच्या त्यांच्या घरी जाऊन भाच्याला भेटणं, मग शोकसभेला जाणं, मग लिहिणं. पहिली तीन झाली, पण मन काही निवलं नाही. सभेनंतर तर जास्तच बिघडलं. तेव्हा आहे तसंच लिहिते. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत.

कुमुदताई आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतल्या रुग्णालयात सिस्टर होत्या, मी त्याच कारखान्याच्या भांडार विभागात. क्वार्टर एकाच ओळीत, मधे एक मेंदीचं कुंपण. त्या मूळच्या वर्ध्याच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं कुणी विचारलं की ‘काहून, तुमच्याकडे स्थळ आहे का?’ म्हणून त्याला गप्प करायच्या. माझ्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा त्या रोज ड्यूटी संपवून इंजेक्शन द्यायला घरी यायच्या. सुई तयार करायच्या, कॉटजवळ उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “आजी, हात लावू का?” सासूबाई वैतागायच्या. “अगं, रोज काय विचारतेस? मी काय नको म्हणणार आहे?” “एखाद्या दिवशी म्हणाल. म्हणून विचारते.” आणि एक दिवस सासूबाई खरंच नको म्हणाल्या. कुमुदताईंनी सुई झाकून ठेवली, चहा मागितला, वर्ध्याच्या संत्र्यांबद्दल बोलत बसल्या. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. त्या दिवशी सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत कुणावर आवाज चढवला नाही.

आमचं रुग्णालय स्वच्छतेसाठी नावाजलेलं होतं. फरशीत तोंड दिसायचं. तिथली रीत अशी की जखमी माणूस आला, मग तो यंत्रात सापडलेला कामगार असो की नवऱ्याने बदडलेली बायको, आधी त्याला पुसून-धुऊन घ्यायचं, रुग्णालयाचे कपडे घालायचे आणि त्याचे स्वतःचे कपडे लाँड्रीत टाकायचे. डॉक्टर बघणार ते त्यानंतर. कुमुदताईंनीही कित्येक वर्षं हेच केलं. मार खाऊन आलेल्या बाईला गरम पाणी आणि धुतलेला गाऊन मिळाला की तिचा चेहराच बदलतो, असं त्या सांगायच्या. मग न्यायवैद्यक नर्सिंगच्या एका छोट्या प्रशिक्षणासाठी त्यांना दिल्लीला पाठवलं. नाव दुसऱ्या कुणाचं होतं, ती बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून यांचं लागलं. हबीबगंजला गाडीत बसवायला मीच गेले होते (स्टेशनचं नाव आता बदललंय, माझ्या तोंडात जुनंच येतं) आणि परत आणायलाही मीच. जाताना लहान मुलीसारख्या खिडकीतून हात हलवत होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, “आपण इतकी वर्षं बायकांचे पुरावे धूत होतो गं. साबण लावून.”

त्यानंतर त्यांनी आपल्या हाताखालच्या कामाची पद्धत बदलली. मार खाल्लेली, ओरबाडलेली बाई आली की डॉक्टरने तपासेपर्यंत तिला धुवायचं नाही. अंगावरचे कपडे तिला विचारून उतरवून घ्यायचे, पंख्याखाली वाळवायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा आणि पिशवी पोलिसांच्या हातात द्यायची. कागदीच का, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. ओलसर वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधली की कुजते, हे भांडारात काम करणाऱ्याला कळतं. रुग्णालयाकडे मात्र फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि कागदी पिशव्यांची मागणी दर वेळी ‘आवश्यकता नाही’ असा शेरा घेऊन परत यायची. मग रविवारी सकाळी आम्ही दोघी माझ्या ओसरीत बसायचो. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालतात तो खाकी कागद आणि मैद्याची खळ. त्या कापायच्या, मी चिकटवायचे. प्रत्येक पिशवीवर त्या पेनाने तीन रेघा आखायच्या, नाव, तारीख आणि सही यांच्यासाठी. पिशवी बंद केल्यावर सही चिकटवलेल्या जागेवरच करायची, म्हणजे कुणी उघडली तर कळेल, ही सूचना माझी. आम्ही भांडारात तसंच करायचो. त्यांना ती फार आवडली होती. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारायच्या, “काय सिस्टर, किराणा दुकान टाकताय का?” दुसरी म्हणायची, “अहो दुकान कसलं, चौकी उघडतायत.” कुमुदताई हसायच्या आणि पुढची पिशवी कापायच्या.

मग कारखान्याच्या गेस्ट हाऊसचं प्रकरण झालं. तिथे स्वयंपाक करणारी बाई एका दुपारी रुग्णालयात आली. बाहेरगावहून आलेला एक बडा अधिकारी तिथे उतरला होता. काय झालं ते मी लिहिणार नाही आणि तिचं नावही लिहिणार नाही. कुमुदताईंनी मला ते कधी सांगितलं नाही. मला ते भाजीबाजारात कळलं, कारण तिथे ते दोन दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होतं, गड्डीकोबी निवडता निवडता. ती बाई आली आणि तिने एकच गोष्ट मागितली. “दीदी, पहले नहा लूँ।” लेडी डॉक्टर शहरातून यायच्या होत्या. कुमुदताईंनी तिला थांबायला सांगितलं. का थांबायचं तेही सांगितलं. हे कपडे बोलतील, म्हणाल्या, मी ते सांभाळीन. ती पुन्हा पुन्हा न्हाणीघराकडे बघत होती. डॉक्टर आल्या संध्याकाळी. तोवर ती बाई त्याच कपड्यांत, स्टुलाच्या कडेवर, कशालाही न टेकता बसून राहिली, आणि कुमुदताई तिच्याशेजारी.

तपासणी झाली, कागद झाले, पोलिसांत खबर गेली. कपडे रात्रभर वाळून दुसऱ्या दिवशी पिशव्यांत गेले, सह्या झाल्या, पिशव्या ड्यूटी रूमच्या कपाटात. हवालदार ‘कल आते हैं’ म्हणाला आणि आला नाही. मधे कुमुदताईंची सुटी आली. त्या परत आल्या तेव्हा टेबलावर साडी, पोलकं आणि परकर ठेवलेले होते. धुतलेले, कांजी केलेले, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून एकावर एक नीट रचलेले. वर लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली. पिशव्या कचऱ्याच्या बादलीत.

त्यांनी प्रशासन अधिकाऱ्यांना विचारलं. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ घालणारे हेच ते. ते अगदी शांतपणे म्हणाले, “सिस्टर, अलमारी से बदबू आ रही थी। अस्पताल है, कबाड़खाना थोड़े ही है।” वाळलेल्या सुती कपड्याला कपाटाबाहेर येईल असा वास येत नाही. मी त्याच दिवसांत कुमुदताईंच्या ड्यूटी रूममध्ये त्या कपाटाशेजारी बसून डबा खाल्ला आहे. वास होता, तो वेगळ्या ठिकाणी होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी कुमुदताईंना बोलावून एक कागद पुढे केला. रुग्णाचे कपडे रुग्णालयाच्या नियमानुसार स्वच्छ करून परत देण्यात आले, असा मजकूर, खाली सिस्टरच्या सहीची जागा. “आप तो घर की हैं। मेट्रन की पोस्ट भी खाली हो रही है।” कुमुदताई म्हणाल्या, “मैंने जो पिशवी बंद की थी, उस पर मेरी सही हो चुकी है। दूसरी नहीं होगी।” घाईत हिंदीत मराठी शब्द घुसला, हे सांगताना त्यांना नंतर हसू आलं होतं. सही त्यांनी केली नाही. पोलिसांना मात्र काय घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. मेट्रन दुसरी झाली. कुमुदताईंची बदली लसीकरणाच्या खोलीत झाली आणि पुढच्या कुठल्याही प्रशिक्षणाला त्यांचं नाव गेलं नाही. प्रकरण थंड झालं. गेस्ट हाऊसमधल्या त्या अधिकाऱ्याची बदली झाली, म्हणे हार घालून. आणि आमच्या वसाहतीतल्या चांगल्या घरच्या बायका म्हणाल्या, सिस्टरनी उगाच ताणलं, बिचारीची जास्तच बदनामी झाली. ‘बिचारी’ हा शब्द तेव्हापासून मी वापरत नाही.

कपडे धुतले गेले हे त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुमुदताई स्वतः गेल्या. ती बाजारामागच्या झोपडपट्टीत बहिणीकडे राहत होती. पोळ्या लाटत होती. यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती लाटतच राहिली. मग म्हणाली, “धुलना ही था दीदी, तो उस दिन मुझे नहा लेने देतीं।” रागाने नाही म्हणाली… आणि यांना चहा दिला.

हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, ओसरीत, हातात खळीची वाटी असताना. मी म्हटलं, तुम्ही नियमाप्रमाणेच केलंत. त्या म्हणाल्या, “नियम बरोबरच होता. पण मी तिला शब्द दिला होता गं, आणि तो द्यायला माझ्याकडे काय होतं? कपाटाची किल्लीसुद्धा माझ्या एकटीकडे नव्हती.” पुढे त्यांनी त्या दुपारचा विषय काढला नाही. काम मात्र सोडलं नाही. लसीकरणाच्या खोलीत असल्या तरी अशी बाई आली की लेडी डॉक्टर त्यांना हळूच बोलावून घ्यायच्या, कारण बाकी कुणाला ते येत नव्हतं आणि कुणाला शिकवायचंही नव्हतं. कुमुदताई आता प्रत्येकीला दोन्ही गोष्टी सांगायच्या. थांबलीस तर पुरावा राहील, पण त्याचा उपयोग होईलच असं मी सांगू शकत नाही. आणि गरम पाणी तयार आहे, तू म्हणशील तेव्हा. काहीजणी थांबल्या, काहीजणी सरळ न्हाणीघरात गेल्या. एकदा एका नव्या डॉक्टरने त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं की तुम्ही पुरावा वाहून जाऊ देता. त्यांनी उत्तर दिलं, “उसका है साहब। रखे या बहाए।”

तरुण नर्सना त्यांनी हे सगळं आपल्या क्वार्टरमध्ये शिकवलं, रुग्णालयाने खोली दिली नाही म्हणून. हात लावण्याआधी विचारा. बाई जे शब्द बोलेल तेच लिहा, आपले सोवळे शब्द घालू नका. प्लॅस्टिक नको. आणि जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. शेवटचं दिल्लीच्या कागदांत नव्हतं. त्यांच्यातली प्रीती कुशवाह आता शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात हेच काम करते.

प्रीती शोकसभेत माझ्या शेजारीच बसली होती. सभा वसाहतीच्या क्लबात होती. पहिले वक्ते निवृत्त प्रशासन अधिकारी. केस पिकलेत, घड्याळ तेच. माईक जवळ ओढून म्हणाले, “वैरागडे सिस्टर हमारे अस्पताल की स्वच्छता की मिसाल थीं।” लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, याहून खाली आता काही जाणार नाही. मग मौन झालं, आणि मौनानंतर क्लबचा कारकून नाश्ता वाटत फिरला. कचोरी आणि एक पेढा, प्रत्येकाला एका खाकी पिशवीत. मी पिशवी हातात घेतली आणि अंगठा रेघांवर पडला. नाव, तारीख, सही… कुमुदताईंच्या पेनाच्या रेघा, माझी खळ. कारकुनाला विचारलं तेव्हा तो आपल्या काटकसरीवर खूश होऊन म्हणाला, “मैडम, अस्पताल के स्टोर में पूरा गट्ठा पड़ा था। एकदम नई हैं। किसी ने इस्तेमाल ही नहीं कीं।” प्रीतीने आपली कचोरी काढून खुर्चीवर ठेवली आणि पिशवी उलटी करून बघत राहिली. समोर घड्याळवाला हात पिशवीत जाऊन पेढा शोधत होता.

उरलेला गठ्ठा मी कारकुनाकडून मागून घेतला. प्रीती तो आपल्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथेही अजून प्लॅस्टिकच देतात. माझ्या वाट्याची पिशवी मी घरी आणली. तिच्यावर कचोरीच्या तेलाचा मोठा डाग आहे, नेमका नावाच्या रेघेवर. मी ती पुसली नाही. पंख्याखाली वाळवली, गठ्ठ्यातून ठेवून घेतलेल्या एका कोऱ्या पिशवीत घातली, तोंड चिकटवलं. वरच्या रेघेवर लिहिलं, कुमुद वैरागडे. दुसरीवर सभेची तारीख. आणि सही चिकटवलेल्या जागेवर केली. कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे.