पारीवर आली

अशा ग्रुपवर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते फक्त हसायला. कोणाला चिंचेखाली बाई दिसते, कोणाच्या घरात बंद पडलेला रेडिओ वाजतो... मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, अरे बाबांनो, लॉग बघा, मशीनची नोंदवही! प्रत्येक गोष्टीचं कारण कुठल्या तरी ओळीत असतंच. बारा वर्षं मुलांना वेबसाइटचा कोड शिकवणारा माणूस दुसऱ्या कशावर विश्वास ठेवणार?

तरी आज लिहायला बसलोय. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, कारण ती लपवली तर पुढचं काही समजणार नाही. मी त्या मुलीवर जळत होतो. तिच्या सर्टिफिकेटवर सही करतानासुद्धा जळत होतो.

मोहाडीत तहसील ऑफिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावरती, पहिल्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दोन खोल्या, नऊ मशीन, त्यातली सात चालू. दुर्गा तिथे शिकायला यायची ती आंधळगावच्या पुढच्या एका लहान गावातून. वडील श्यामरावजी तलावात मासेमारी करतात. घर तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाच्या उताराला लागूनच. मुलगी अबोल, पण मशीनसमोर बसली की तिला बाकी जग दिसत नसे.

एकदा मी दोन दिवस एका एररवर अडकलो होतो. लॉगिन चालेना. सर्व्हर म्हणत होता, कोड सुरू व्हायच्या आधीच पहिल्या ओळीतून काहीतरी बाहेर गेलंय. आणि पहिली ओळ तर कोरी! मी अख्खी फाईल तीनदा नव्याने टाईप केली. दुर्गा डबा खाता खाता मागे येऊन उभी राहिली.

"सर, तुमी गावांची नावं मराठीत लिवली ना? नोटपॅडमंदी?"

"मग? मराठी मराठीत नाही लिहायची तर कशात?"

"मराठी लिवून सेव्ह केलं का नोटपॅड सुरवातीले आपल्या मनानं तीन अक्षरं घालते. दिसत नाही, पन हाये."

तिने फाईल दुसऱ्या पद्धतीने सेव्ह केली आणि लॉगिन चालू! एका हातात पोळी तशीच होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... आणि संध्याकाळी घरी बायकोवर उगाच खेकसलो.

मग हे रोजचंच झालं. मुलं दारातून विचारायची, "दुर्गाताई आल्या का?" मी समोर बसलेलो असायचो, मला कोणी विचारत नसे. माझा क्लास, माझी मशीन, आणि बोर्डावर नाव तेवढं माझं उरलं होतं.

तिची एक सवय सांगतो, कारण सगळं त्याच सवयीवर अडलंय. स्क्रिप्ट, म्हणजे चालू असलेला कोड, मध्येच मेली आणि पडदा पांढरा पडला, की नेमकी कुठे मेली ते शोधायला आम्ही मध्ये मध्ये काहीतरी छापून बघतो. मी 'टेस्ट १', 'टेस्ट २' लिहितो. जे शेवटचं छापलं गेलं, त्याच्या पुढे घोळ. दुर्गा लिहायची — 'पारीवर आली'. मग 'आंगनात आली'. मग 'घरात आली'. पारीवर म्हणजे पान सुरू झालं, आंगनात म्हणजे डेटाबेस जोडला गेला, घरात म्हणजे पानाच्या अगदी खालच्या पट्टीपर्यंत पोचलं. मी सगळ्यांसमोर तिची टिंगल केली होती.

"अगं, 'आली' काय? पान ते, मग 'आले' लिही. आणि अंगणात, आंगनात नाही."

"मसीनले कुठं व्याकरण समजते, सर," ती म्हणाली होती. मुलं हसली. माझ्यावर.

आंधळगावकडच्या मासेमारांच्या एका सोसायटीने वेबसाइट करायला सांगितली, कोणत्या तलावावर कोणत्या दिवशी जाळं पडणार ते घरबसल्या दिसावं म्हणून. काम माझ्याकडे आलं, केलं सगळं दुर्गाने. खालच्या पट्टीत तिने एकच ओळ घातली होती : 'रचना – दुर्गा' आणि पुढे गावाचं नाव. मी बघितली आणि तशीच राहू दिली.

साइट लोकांसमोर यायच्या आधीच, पावसाळ्यात तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. बावीस वर्षांची. मी गेलो होतो तिच्या घरी. रडलोही, खोटं नाही सांगत. पण त्या पारीवरून गाडी परत वळवताना मनात आलं होतं की आता क्लास पुन्हा माझा होईल. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर सोसायटीने दिवस ठरवला. कमिटी बारा वाजता माझ्या क्लासवर येणार, साइट बघणार आणि चालू करणार. आदल्या संध्याकाळी मी खालची पट्टी उघडली, तिची ओळ खोडली आणि लिहिलं, 'रचना व निर्मिती – नरेश सर'. स्वतःच स्वतःला सर! माझ्या मशीनवर पान झकास उघडलं. सर्व्हरवर चढवून घरी गेलो आणि शांत झोपलो.

सकाळी साडेनऊला क्लास उघडतोय तर पायरीवर श्यामरावजी. आंधळगावहून पहिल्या गाडीने आले होते. पिशवीत उकडलेले शिंगाडे.

"सर, खाली पोरीचं नाव हाये म्हने. तिनंच सांगतलं होतं मले. तेवढं पाहाले आलो."

मी आधी कुलूप काढलं. म्हटलं, बसा, चालू करतो. मनात हिशेब मांडला होता की म्हातारा चौथी शिकलेला, त्याला काय समजतंय, काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ.

साइट उघडली. पांढरा पडदा.

आता माझी शोधाशोध सुरू झाली. सेमीकोलन राहिला का... नाही. अवतरणचिन्ह उघडं पडलंय का... नाही. फाईलच्या नावात लहान-मोठं अक्षर चुकलं तर आपलं मशीन चालवून घेतं, सर्व्हर घेत नाही — तेही बघितलं, बरोबर. परवानग्या बरोबर. ती न दिसणारी तीन अक्षरं? तपासली, नव्हती. एरर दाखव म्हणून सेटिंग चालू केलं तर एररही नाही. लॉग कोरा. बाहेर ऊन चढत होतं आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर श्यामरावजी हात मांडीवर ठेवून नुसते बघत होते.

शेवटी अगदी वर 'टेस्ट १' लिहिलं. रिफ्रेश केलं.

पडद्यावर आलं : पारीवर आली

'टेस्ट १' कुठेच नाही. म्हटलं, तिची जुनी ओळ राहिली असेल. सगळ्या फाईलींत ते शब्द शोधले. एकाही फाईलीत नाही. ब्राउझरची कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं, रिकामी केली. सर्व्हरवरचं सगळं पुसून पुन्हा चढवलं. रिफ्रेश.

पारीवर आली
आंगनात आली

आणि खाली पांढरं. मी डेटाबेसमध्ये शोधलं. तिथेही नाही. मी माऊस आपटला तो भीतीने की रागाने, आजही सांगता येत नाही. राग होता हे नक्की. मेल्यावरही ही माझ्या कोडात, माझ्या मशीनवर, माझ्यापुढे एक पाऊल! कारण बघा ना — तिच्या पद्धतीने बघितलं तर घोळ कुठे होता ते लख्ख दिसत होतं. आंगनाच्या पुढे, घराच्या आत. म्हणजे खालच्या पट्टीत. आणि खालच्या पट्टीत मी एकच ओळ बदलली होती.

तरी मी ती ओळ सोडेना. माझं नाव इंग्रजीत लिहून बघितलं. पांढरं. 'सर' काढून बघितलं. पांढरं. नाव काढून पट्टी मोकळी ठेवली. तरी पांढरं. पावणेबारा झाले. खाली रस्त्यावर कमिटीची गाडी थांबल्याचा आवाज आला.

मागून श्यामरावजी एकेक अक्षर जोडत वाचत होते.

"आं-ग-ना-त... आली." मग उभेच राहिले. "सर, हे आमच्या दुर्गीचं बोलनं होय. क्लासातून आली का पारीवरूनच बोंबले — पारीवर आली वो बाबा! मंग आंगनातून. मंग तिची माय भात वाढे."

मी खालच्या पट्टीची फाईल पुन्हा उघडली.

"मंग घरात काहून नाही येऊन राहिली, सर?"

त्यांनी साधाच प्रश्न विचारला होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी माझं नाव खोडलेल्या जागी तिचं नाव टाईप केलं, गावासकट, तिने लिहिलं होतं तसंच. रिफ्रेश केलं.

घरात आली

तिन्ही ओळी क्षणभर दिसल्या आणि अख्खं पान उघडलं. तलावांची यादी, तारखा, आणि खाली तिचं नाव. श्यामरावजींनी काचेवर त्या नावाला बोट लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. कमिटीची माणसं वर आली तेव्हा पान स्वच्छ होतं, त्या तीन ओळी गेल्या होत्या. त्या मी आणि श्यामरावजींनीच पाहिल्या. शिंगाडे सगळ्यांनी खाल्ले.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पंधरा दिवसांनी मला राहवलं नाही. भरदुपारी, क्लास भरलेला असताना, तिचं नाव काढून पुन्हा माझं घातलं. मला खात्री करायची होती की काही झालंच नव्हतं. पान उघडलं. लगेच, बिनघोर, माझ्या नावासकट. दहादा रिफ्रेश केलं. कोणी अडवलं नाही.

मला वाटलं होतं मी सुटलो म्हणून खूश होईन. पण ते माझं नाव बघून मला इतकी लाज वाटली की मुलांना पाच मिनिटांत येतो सांगून मी खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. परत वर आलो आणि तिचं नाव घातलं. ते आजही तिथेच आहे.

आता मीही 'टेस्ट १' लिहीत नाही. 'पारीवर आली' लिहितो, व्याकरण चुकवून. जळणं गेलंय असं म्हणणार नाही. मुलं अजून तिच्या गोष्टी सांगतात आणि अजून मला टोचतं.

तुमच्यात सर्व्हरचं काम करणारे असतील, तर त्या सकाळी नेमकं काय झालं असेल ते सांगा. कॅश, बॅकअप, होस्टिंगवाल्यांचा घोळ... मी सगळं तपासून बसलोय, मला कारण सापडलेलं नाही. दुर्गाला विचारलं असतं, तर तिने डबा खाता खाता सांगितलं असतं.