बेसमेंटमधलं जनावर

गरीब चेहऱ्याच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी रिचमंड हिलमध्ये तीन भाडेकरू बदलून शिकले. त्यामुळे चौथा, जनार्दन, बेसमेंटमध्ये राहायला आला तेव्हा पहिल्या दिवसापासून माझी त्याच्यावर नजर होती.

जनार्दन कुडाळचा. पन्नाशी उलटलेली, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. तिकडे वीस वर्षं वीज मंडळात वायरमन होता. इथे परदेशात तो अनुभव कोण विचारतंय! नॉर्थ यॉर्कच्या एका टॉवरमध्ये ट्यूब बदलायच्या, तुंबलेली सिंकं मोकळी करायची, ही नोकरी. दुपारी चारची शिफ्ट, घरी यायला मध्यरात्र. आणि दार इतकं हळू लावायचा की मला त्याचाच संशय यायचा. स्वतःच्या खोलीत शिरताना एवढं चोरपावलांनी कशाला?

खोली घेताना त्याने विचारलं होतं, "ताई, माझ्याकडे एक जनावर आहे. चालेल ना?"

"भुंकत नाही ना?"

"छे हो. आवाजच नाही त्याचा."

मांजर असणार, असं समजून मी हो म्हटलं. तीन महिन्यांत म्यांव म्हणून ऐकू आलं नाही.

मग २०१८चा जानेवारी उजाडला. बाहेर उणे बावीस. शेजारची ग्लेन्डा, मूळची वसईची, अख्ख्या गल्लीवर तिची नजर. तिने मला क्लिनिकमध्ये फोन केला. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे.

"मंदा, तुझा तो माणूस प्लायवूड आत नेतोय गं. मोठमोठे तक्ते. आणि वायरची गुंडाळी, आणि त्या चंदेरी शीटा. हा ग्रो-ऑप करतोय, घरात गांजा लावतोय, माझं ऐक."

गांजा! माझ्या मनात पाल चुकचुकलीच. उन्हाळ्यात कायदेशीर होणार म्हणून रोज टीव्हीवर चर्चा, आणि हा बाबा आधीच दुकान मांडून बसणार. घर माझ्या नावावर. पोलीस आले तर हातात बेड्या कुणाच्या, माझ्याच ना?

पुढचे पंधरा दिवस मी नुसती हुंगत होते. जिन्यात व्हार्निशचा वास. दाराच्या फटीतून लालसर उजेड, तोही दोन दिवसांनी गायब. पुठ्ठ्यांच्या ढिगात एक खोकं सापडलं, त्यावर लिहिलेलं, थर्मोस्टॅट. तापमान सांभाळायला लागतं ते कशाला, सांगा! रोपांनाच ना? मी त्याला जिन्यात गाठलं, "जनार्दनराव, काय चाललंय खाली?"

"काही नाही ताई. जनावराला पेटी बनवतोय."

मांजराला पेटी! मला काय कुक्कुलं बाळ समजतो का हा? माझं डोकंच फिरलं. महिनाअखेर खोली सोडा, असं दोन ओळींचं पत्र मी टाइप केलं आणि मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून दुपारी एकला घरी आले. मुद्देमालासकट पकडायचा, हा बेत.

दार उघडलं तर स्वारी जॅकेट, कानटोपी, हातमोजे घालून उभी. म्हणजे पळायच्या तयारीत! मी त्याला बाजूला सारून आत घुसले.

भिंतीला लागून सहा फुटांची पेटी. समोर सरकत्या काचा. आतून उबदार, एकही दिवा नाही. आणि काचेमागे माझ्या मनगटाएवढं जाड, तपकिरी, वेटोळं घालून... आई गं! मी किंचाळले ते ग्लेन्डाच्या किचनपर्यंत पोहोचलं असेल.

"साप! तुम्ही तर जनावर आहे म्हणाला होतात!"

"मग जनावरच म्हणायचं ना, ताई?" तो खरोखर गोंधळला होता. "आमच्याकडे घरात त्याचं नाव घेत नाहीत. जनावर नाहीतर लांबडं. तुम्हाला कळलं असं वाटलं मला."

मी नागपूरची. आमच्याकडे जनावर म्हणजे गायबैल. मग तो सांगू लागला. टॉवरमधला एक भाडेकरू खोली सोडून गेला आणि या अजगरासारख्या, बिनविषारी बोआला काचेच्या टाकीत टाकून गेला. मॅनेजर म्हणाला, बाहेर बर्फात ठेव. जनार्दन घरी घेऊन आला. आता जनावर टाकीत मावेना.

"आणि ते चंदेरी, ते दिवे?"

"चंदेरी शीट ऊब धरून ठेवायला. लाल बल्ब लावून बघितला, दोन दिवसांत काढला. हे त्याला विळखा घालतं आणि भाजून घेतं. गरम होणारा दगड मिळतो, त्यावर पोट करपतं तरी हलत नाही. हीटिंग मॅट या जाड प्लायवूडखाली लावली तर उष्णता कोंडते, लाकूड पेट घेतं. कुडाळला एकाने कोंबड्यांच्या खुराड्यात बल्ब टांगला होता, ताई. सकाळी मीच गेलो होतो वायर तोडायला. घरसुद्धा उरलं नव्हतं." त्याने पेटीच्या छताला लावलेली चपटी पाटी दाखवली. "शेवटी हे गरम होणारं पॅनल घेतलं. थर्मोस्टॅटवर चालतं, जास्त तापलं की आपोआप बंद. तरी माझा भरवसा नव्हता. आठवडाभर रिकामी पेटी चालवली, घरी जागा असेन तेव्हा दर तासाला आकडा लिहिला. जनावर कालच आत सोडलं. वर तुम्ही राहता ना."

"दाखवा आकडे," मी म्हटलं. पत्र पर्समध्ये तयारच होतं.

त्याने वही दिली. रेघा आखलेल्या, वळणदार अक्षर. गरम बाजू एकतीस. थंड बाजू सव्वीस. एका आकड्याचीही चूक नाही. शेवटचा रकाना होता, खोली. सकाळी सातला एकोणीस. दहाला सोळा. दुपारी एकला चौदा. रोज तेच. चौदा, चौदा, तेरा.

सकाळी कामाला निघताना मी हीट उतरवून जाते. रिकामं घर कशाला तापवायचं? घराचा थर्मोस्टॅट वर, माझ्या हॉलमध्ये. आणि हा माणूस मध्यरात्री येतो आणि दुपारी तीनपर्यंत इथेच असतो. मला मेलीला तीन महिन्यांत हे एकदाही सुचलं नाही. शरमेने माझे कान तापले.

"अहो, तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द?"

त्याने वही परत घेतली आणि मिटून पेटीवर ठेवली.

"मला वाटलं, मी खोली सोडून जावं म्हणूनच तुम्ही हीट बंद करता."