आधी पडायचं कुठं ते काढा

रॉकेट किती उंच जाणार, असं टप्पाबाईंना विचारायची सोय नव्हती. "उंचीचं मागनं बघू. रिकामा टप्पा कुणाच्या डोक्यात पडंल, ते आदी काढा की!" इंजिनिअरिंग कॉलेजात दोन टप्प्यांच्या रॉकेटचा मार्ग मांडायला त्यांनीच शिकवलं, म्हणून आम्ही हे नाव पाडलेलं. मूळच्या माढ्याकडच्या, राहायला सोलापुरात, शुक्रवार पेठेत. वर्गात भाषा पुस्तकी. डोकं फिरलं की थेट बांधावरची.

खालचा टप्पा जळून संपला की त्याचं ओझं टाकायचं आणि वरच्यानं पेट घ्यायचा. तेवढ्यात रॉकेट किती कलतं, वारा कुठं ओढतो, हे बाई फळ्यावर मांडायच्या आणि मग भर उन्हात आम्हाला माळावर पिटाळायच्या. पडायची जागा स्वतः चालून बघितलीच पाहिजे, हा हट्ट. तिथं मेंढरं चारणाऱ्या मामांना "हितं कोण बसतं का?" असं विचारल्याशिवाय त्यांचं गणित पुरं व्हायचं नाही. आम्ही जाम वैतागायचो.

"सोलापूरच्या पोरांना एक टप्पा बास," हे प्राचार्यांचं मत. बाईंनी त्यांच्याशी भांडभांड भांडून दोन टप्प्यांचं रॉकेट उभं केलं. उड्डाण ठरलं होटगीजवळच्या माळावर, नेमकं बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी. पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. सकाळी वारा फिरला. बाईंनी गणित पुन्हा केलं, तर रिकामं नळकांडं सरळ मांडवावर येत होतं. दुसरीकडं कलवावं तर वस्ती.

"मांडव हलवा," बाई म्हणाल्या.

"पाहुणे बसलेत, बाई!" प्राचार्य म्हणाले. "आज नाही उडालं तर तुमच्या हातून कधीच उडणार नाही."

"न्हाय तर न्हाय! वाऱ्याची बदली तुमच्या सहीनं होत न्हाय, सर."

पेटवायची किल्ली पदराला बांधून त्या चालू लागल्या. रॉकेट जागेवरच राहिलं. त्या उन्हात त्यांचा चेहरा मी पाहिला. कैक वर्षांची मेहनत मागं टाकून चालल्या होत्या, पण मान ताठ होती.

संध्याकाळी निरोप समारंभ. प्राचार्य रंगात आले. "बाई म्हणजे पहिला टप्पा! स्वतः जळाल्या, मुलांना वर धाडलं." टाळ्या पडल्या. बाईंनी माइक ओढून घेतला. "पहिला टप्पा रिकामा झाला की पडतो. मी रिकामी झालेली न्हाय! मार्ग मी आखलाय, रॉकेट बी मीच उडवणार." नारळ तेवढा उचलला, शाल खुर्चीवरच राहिली.

आणि उडवलंच की! रीतसर परवानगी काढून, माढ्याला, भावाच्या पडीक रानात. आम्ही सगळे माना वर करून ओरडत होतो. बाई मात्र स्वतः ठोकलेल्या खुंटीकडं बघत उभ्या होत्या. रिकामा टप्पा खुंटीपासून हाकेच्या अंतरावर आला, तेव्हा कुठं त्या हसल्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी ढसाढसा रडले, लपवू कशाला? शोकसभेला तेच प्राचार्य उठले, घसा खाकरला. "बाई म्हणजे पहिला टप्पा..."

मी तिसऱ्या रांगेतून उठले.

"सर," म्हटलं, "माइक इकडं द्या."