आतोबांचा दम

स्वतःच्या फुफ्फुसांवर इतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, तरुणपणी हुतूतू खेळत. नुसते खेळत नसत, मैदानं गाजवत; निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि पनवेलीत राहून ते म्हणणं ऐकल्यावाचून कुणाची सुटका नव्हती. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मला पनवेलच्या शाळेत मास्तरकी लागली आणि मी आत्याकडे राहायला गेलो. ट्रंक खाली ठेवायच्या आत आतोबांनी विचारलं, "दम किती आहे?" मला वाटलं तब्येतीची चौकशी चालली आहे. "बरा आहे," म्हणालो. "मग म्हण हुतूतू. मी आकडे मोजतो." एस.टी.च्या धुळीनं माखलेल्या कपड्यांनिशी मी अंगणात उभा राहून हुतूतू म्हणालो आणि अठ्ठाविसाव्या आकड्याला गारद झालो. "मास्तरच होणार तू," एवढंच बोलून आतोबा आत निघून गेले. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "चहा घे. लग्नात भटजींनासुद्धा सोडलं नव्हतं त्यांनी."

आतोबांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात जे काही घडलं ते एका चढाईत घडलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी एका दमात गडी बाद केले होते. किती, हा प्रश्न मात्र नाजूक होता. मी आलो तेव्हा ते तिघे होते. दसऱ्याला पाच झाले. संक्रांतीपर्यंत समोरचा अख्खा संघ आडवा पडला, आणि पुढे वाढवायला माणसंच न उरल्यामुळे, परतताना आतोबांनी त्यातल्या एकाला हात देऊन उठवलं, असं नवं कलम जोडण्यात आलं. साधं बोलतानाही ते मध्ये श्वास घेत नसत. कोथिंबीर संपली आहे एवढं सांगायला आत्याला त्यांच्या दोन वाक्यांमध्ये फट सापडेपर्यंत आमटी आटून निम्मी होई. पहाटे ते तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून दमाचा सराव करीत, तेव्हा काठावर धुणं आपटणाऱ्या बायका खुशाल त्यांच्या तालावर आपटत. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावून "श्वास घ्या, आता सोडा" म्हटलं, तर हे घेतलेला सोडेचनात. उलट खुणेनं डॉक्टरांनाच घड्याळ बघायला सांगू लागले. आणि गंमत म्हणजे अलीकडे माडीचा जिना चढताना हेच आतोबा मधल्या पायरीवर थांबत आणि भिंतीकडे निरखून बघत. "चुना मारायला हवा," असं दर खेपेला म्हणत. चुना त्याच दिवाळीत मारला होता.

अशा माणसाच्या आयुष्यात तो आठवडा उजाडला. तळ्याकाठच्या तालमीला पंचवीस वर्षं झाली होती आणि रविवारी, हुतूतूच्या अंतिम सामन्यानंतर, तालमीत मारुतीच्या शेजारच्या भिंतीवर आतोबांचा फोटो लावायचं ठरलं होतं. या फोटोसाठी आतोबा वीस वर्षं झुरत होते. जुना फोटो मोठा करून आणला होता. मांडीवर हात मारून उभे असलेले, मिशांना तेल लावलेले आतोबा. आत्या रोज सकाळी पदरानं काच पुसत होती. बातमी गावभर झाली आणि ज्याला त्याला पाहुणा म्हणून आतोबाच हवेसे झाले. सोमवारी एका नव्या केशकर्तनालयाचं उद्घाटन. आतोबांनी फीत कापली आणि श्वास या विषयावर भाषण सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून खुर्चीत बसलेलं होतं. साबण वाळून त्याचा पापुद्रा झाला तरी भाषण चाललंच होतं. शेवटी ते गिऱ्हाईक तसंच उठून घरी गेलं, आणि अर्धी दाढी म्हणजे अपशकुन, असं म्हणून न्हाव्यानं महिनाभर आतोबांना ओळख दाखवली नाही.

मंगळवारी आमच्या शाळेत बक्षीस समारंभ. मी त्या शाळेत नोकरीला होतो आणि मला तिथे पुढेही तोंड दाखवायचं होतं, हे कृपया लक्षात घ्यावं. आतोबा भावपूर्ण भाषण डोळे मिटून करत. ती प्रसिद्ध चढाई ऐन रंगात आली आणि शिपायानं तास संपल्याची घंटा दिली. पोरांना वाटलं शाळा सुटली. दोन मिनिटांत मैदान रिकामं. आतोबांनी डोळे उघडले तेव्हा समोर मी, हेडमास्तर आणि सतरंज्यांच्या घड्या घालणारा शिपाई. "शांतता वाखाणण्यासारखी आहे," आतोबा हेडमास्तरांना म्हणाले.

गुरुवारी तर आम्ही मोरा बंदराला गेलो. तिथल्या कोळी मंडळींनी आतोबांचा सत्कार ठेवला होता. आमंत्रण तिथीचं होतं, "अष्टमीला या" म्हणून, आणि आतोबांनी आत्याला न विचारता स्वतःच्या बुद्धीनं अष्टमी काढली. आम्ही बंदरावर पोचलो तर मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं. सत्कार आदल्या दिवशी पार पडला होता. "पार पडला? आणि मी?" आतोबांनी विचारलं. त्यांचा म्होरक्या भला माणूस होता. म्हणाला, "तुमी आले नाय. मानसं जमलेली, नारल आनलेला. मंग शाल आमी तांडेलाला घातली." त्यानं बोट दाखवलं. होडी चालवणारा तो तांडेल आतोबांची शाल डोक्याला गुंडाळून जाळं विणत बसला होता. आम्हांला सुक्या सोडे-बोंबलांची पुरचुंडी मिळाली. एस.टी.त कुणी शेजारी बसेना. आतोबा मात्र पनवेल येईपर्यंत त्या तांडेलाला शाल कशी शोभत नव्हती हे एका वाक्यात सांगत होते. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्यांना दिल्या तेवढ्या शिव्या आजवर कुणालाच दिलेल्या नाहीत.

रविवारी अंतिम सामना. तालमीचा संघ विरुद्ध कामोठ्याचा. मुख्य पंच अर्थातच आतोबा. मी त्यांच्या पाठीमागे गुण लिहायला. हुतूतूत चढाई करणाऱ्यानं एकाच दमात हुतूतू म्हणत शत्रूच्या अंगणात जायचं आणि त्याच दमात परतायचं. तिकडे दम गेला की तो बाद, आणि दम गेला की नाही हे पंचाच्या कानानं ठरायचं. गुण बरोबरीचे होते. शेवटची चढाई कामोठ्याची. गडी मिठागरावर काम करणारा, विशीतला, काटकुळा. त्यानं आमचा एक मारला आणि निघाला, तोच चौघांनी त्याचा पाय धरला. तो जमिनीवर पडून, हुतूतू म्हणत, इंच इंच मधल्या रेषेकडे सरकत होता. आतोबा त्याच्या बाजूनं वाकून चालत होते. कुणीही दम घेतला की आतोबांचे ओठ आपोआप हलत. तसेच ते आत्ताही हलत होते. नुसते हलत नव्हते, आतोबा चांगले मोठ्यानं हुतूतू म्हणत होते. रेषा वीतभर राहिली आणि आतोबांनी शिट्टी फुंकली. "दम गेला! बाद!"

तालमीची माणसं नाचू लागली. मी हातभर अंतरावर होतो. मी स्वच्छ ऐकलं होतं. त्या गड्याचं हुतूतू शिट्टीनंतरही चालू होतं. थांबले होते ते आतोबा. मी वहीत "बाद" लिहिलं.

कामोठ्याची पोरं खवळून पुढे आली, पण त्यांच्या फेटेवाल्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं हात वर केला. "गप रावा. त्यांनी एका दमान आख्खा संघ मारलेला हाय. दम गेला का नाय ते त्यांना नाय कलनार, तं कोनाला कलनार?" त्या गड्यानं रेषेवरची माती कपाळाला लावली आणि तो मैदानाबाहेर गेला.

आतोबा शिट्टी हातात धरून उभे होते. चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या बढाईवर शब्दशः विश्वास ठेवणारी माणसं त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. तालमीचे चिटणीस हार घेऊन आले, तेव्हा आतोबांनी हातानं त्यांना थांबवलं.

"त्याचा दम गेला नव्हता," ते म्हणाले. मग थांबले, श्वास घेतला. "माझा गेला. मी त्याच्याबरोबर म्हणत होतो. माझा आधी गेला, आणि मला वाटलं त्याचा. तो पोचत होता. कामोठं जिंकलं."

चिटणीस जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, शिट्टी झाली, निकाल झाला. आता फोटो लावायचाय आपल्याला."

"मग लावू नका."

ढाल कामोठ्याला गेली. म्हातारा आतोबांच्या पाया पडायला वाकला, तर आतोबांनी त्याला धरलं. "अख्खा संघ नव्हता हो," ते म्हणाले. "दोनच होते." म्हातारा म्हणाला, "दोन बी लय झाले."

तालमीतलं कुणी आमच्याबरोबर चाललं नाही. घरी आल्यावर आत्यानं पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "कुणाला कळलं नसतं." आतोबांनी तांब्या खाली ठेवला. "त्या पोराला कळलं होतं गं," ते म्हणाले. "भांडायला हवं होतं त्यानं. मी असतो तर भांडलो असतो. तो माती लावून गेला."

त्यानंतर ते तालमीत कधी गेले नाहीत, आणि घरात बोलणंही कमी झालं. आत्याला आता हवं तेव्हा बोलता येई, पण ती बोलत नसे. तीन वर्षांनी आतोबा गेले. त्यांना हसण्यात मी जेवढा वेळ घालवला त्यातला थोडा मला आज परत हवा आहे. मैदानावर त्या दिवशी त्या पोराशिवाय आणखी एकानं नीट ऐकलं होतं, आणि त्यानं वहीत "बाद" असं लिहिलं होतं. हे त्यांना सांगायचं धैर्य मला तीन वर्षांत झालं नाही.