घाट चढणारे व्हॉल्व

कापडे गावचा महिपती तोंडाचा फटकळ. तो बोलायला लागला की समोरच्याला पळावंसं वाटे. पण महाड-महाबळेश्वर सर्व्हिस मोटारीचं इंजिन त्याच्याशिवाय कोणाला उमजत नसे, म्हणून मालक सयाजीशेठ त्याचं सगळं ऐकून घेत. गेल्या साली आंबेनळी घाटाच्या चढावर मोटारीचे धूर सोडणारे व्हॉल्व जळाले, जोर गेला आणि अठरा माणसांनी भरलेली गाडी मागे घसरायला लागली. लोकांनी उड्या टाकून चाकांखाली धोंडे लावले म्हणून निभावलं.

यंदा हंगामाआधी महिपतीने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. कंपनीचे व्हॉल्व घाटात टिकत नाहीत हे कळलंच होतं, तेव्हा दुसऱ्या बनावटीचे चार घालायचं ठरलं. शेठनी लॉरीचे सहा मागवून ठेवले होते. काळे, बोजड, दांडी जाड, म्हणजे ती घासून बारीक करत बसायचं काम. तेवढ्यात मुंबईहून महिपतीचा थोरला भाऊ भिकू स्वतः चार घेऊन आला. लखलखीत, हलके, नेमके बसणारे. "आमच्या गॅरेजात हेच घालतो. एकदम फर्स्टक्लास," भिकू म्हणाला. सोन्याची सुरी म्हणून उरी कोण मारून घेतो? पण शेठ खूश.

महिपतीची मात्र पंचाईत झाली. ह्याच भिकूने त्याला मुंबईला नेलं होतं, पाना धरायला शिकवलं होतं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं होतं. त्याचा माल तपासायचा कोणत्या तोंडाने? आणि न तपासावा, तर अठरा जीव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दोन्हींतला एकेक व्हॉल्व घेऊन गोमाजी लोहाराकडे गेला. भिकू आणि शेठ मागोमाग आले. दोन्ही व्हॉल्व भट्टीत लाल केले आणि ऐरणीवर एकेक सारखा घाव घातला. काळ्याला काही झालं नाही. भिकूचा वाकला.

"मुंबईत चार वर्सं चालतात रे हे," भिकू हळूच म्हणाला.

"चालतील. तिथं रस्ता सपाट हाय. घाटात व्हॉल्व चढ सरेतो असाच लाल ऱ्हातो. तू घाट इसरलास, दादा."

हे महिपती शेठदेखत बोलला. भिकूने उरलेले तीन व्हॉल्व रुमालात बांधले आणि आईला न भेटताच दासगावच्या धक्क्याकडे बोटीसाठी चालता झाला.

काळे व्हॉल्व घासून बसवले आणि मोटार हंगामभर घाट चढली. महिपतीला त्याचं सुख कसलं? भिकू गणपतीला आला नाही, शिमग्यालाही नाही. आई ठमाबाई विचारी, "काय बोललास रे त्याला?" आणि एवढा फटकळ माणूस खाली मान घालून जेवी.

शिमगा सरला आणि टपालाने पुडकं आलं. आत काळे, जड व्हॉल्व, पण दांडी अगदी मापाची. महिपतीने मोजले तर पाच. चिठ्ठीत भिकूने लिहिलं होतं, "चार बसव. पाचवा भट्टीत घालायला."

महिपती तिथंच बसून ढसाढसा रडला. मग डोळे पुसले आणि पाचवा घेऊन गोमाजीकडे गेला.