हातभर अंतरावरचा चेंडू

अरुणकुमार टिपणीस मूळचे नाशिकचे. आखातातल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ते पंप आणि कॉम्प्रेसरची देखभाल पाहतात आणि दर फेब्रुवारीत युरोपीय होतात, कारण त्यांची कंपनी इटालियन आहे. फिंतासला त्यांच्याच इमारतीत राहणारे लातूरचे जयप्रकाश बिडवे अमेरिकन होतात. त्यांची कंपनी ह्यूस्टनची. ठेकेदार कंपन्यांची ही गोल्फची लढत रायडर कपच्या धर्तीवर होते: अमेरिका विरुद्ध युरोप. कोण कुणाकडून खेळणार हे पासपोर्टवर नाही, पगार कोण देतं त्यावर ठरतं.

मैदान वाळूचं आहे. प्रत्येकजण कृत्रिम हिरवळीचा तुकडा बरोबर बाळगतो आणि त्यावर चेंडू ठेवून फटका मारतो. होलभोवतीची वाळू तेल मिसळून दाबलेली असते. शेवटचा हलका फटका मारण्याआधी खेळाडू तिथे फळी फिरवून चेंडूची वाट सारखी करून घेतो.

टिपणीस बरीच वर्षं युरोपचे राखीव खेळाडू होते. राखीव खेळाडू पाण्याच्या बाटल्या आणतो आणि टाळ्या वाजवतो. गेल्या वर्षी कप्तान मासिमो यांनी त्यांना एकेरीत उतरवलं. जिंकलात तर संघातली जागा पक्की, असं सांगून. टिपणीसांना ती जागा हवी होती. त्यासाठी हिवाळाभर ते दर शुक्रवारी सराव करत होते, तोही जयप्रकाश यांच्याबरोबर.

शुक्रवारी दोघांचा एक रिवाज असे. चेंडू होलपासून हातभर अंतरावर आला की समोरच्याने तो उचलून द्यायचा. गेला असं धरायचं. एवढ्यासाठी फळी कोण फिरवणार!

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा शेवटच्या सामन्यात हे दोघेच समोरासमोर आले. त्या सामन्याआधी दोन्ही संघ बरोबरीत होते. कप आधीच्या वर्षी अमेरिकेने जिंकलेला, आणि बरोबरी झाली तर तो त्यांच्याकडेच राहणार होता. शेवटच्या होलवर टिपणीसांचा चेंडू आत गेला. जयप्रकाश यांचा हातभर बाहेर थांबला. तो चुकला तर सामना टिपणीसांचा आणि कप युरोपचा. आत गेला तर बरोबरी.

जयप्रकाश फळी घ्यायला वाकले. टिपणीस पुढे झाले, चेंडू उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“काय करायलास रे?” जयप्रकाश म्हणाले.

नियम असा, की प्रतिस्पर्ध्याला फटका माफ करता येतो, पण केलेली माफी परत घेता येत नाही. मासिमो धावत आले.

“सवय आहे आमची,” जयप्रकाश यांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं. “चेंडू परत ठेवतो, मारतो मी.”

“माफ केलात की चुकून उचललात?” मासिमोंनी टिपणीसांना विचारलं.

“येड्या, चुकून म्हण की,” जयप्रकाश मराठीत पुटपुटले.

“चुकून कसा? द्यायलाच उचलला होता,” टिपणीस त्यांना म्हणाले आणि मासिमोंना इंग्रजीत सांगितलं, “माफ केला.”

कप अमेरिकेकडे राहिला. घरी मेधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. “शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तसा कप देऊन आलास,” त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पानं वाढायला घेतली.

या वर्षी मासिमोंनी फोन केला. खेळाबद्दल तक्रार नाही, म्हणाले, पण एकेरीत दुसऱ्याला घेतलंय. टिपणीस पुन्हा राखीव झाले.

या फेब्रुवारीतही निकाल शेवटच्या सामन्यावर आला. अमेरिकेकडून जयप्रकाशच खेळत होते, समोर युरोपचा एक तरुण डच इंजिनिअर. शेवटच्या होलवर जयप्रकाश यांचा चेंडू पुन्हा हातभर बाहेर थांबला. डच इंजिनिअर हाताची घडी घालून उभा राहिला. जयप्रकाश यांनी फळी फिरवली, दोनदा फिरवली, फटका मारला. चेंडू काठावरून वळून बाहेर गेला.

युरोपने कप जिंकला. टिपणीसांनी पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या आणि टाळ्या वाजवल्या.

“वाजव, वाजव,” जयप्रकाश त्यांच्यासमोरून जाताना म्हणाले.

“राखीवचं कामच आहे ते,” टिपणीस म्हणाले आणि एक बाटली त्यांच्या हातात दिली.