मागे घेतलेली साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारची उपासना संपत आली की पाळक विचारतात, "या आठवड्यात देवाने कुणासाठी काय केलं, सांगायचंय का कुणाला?" मग कुणीतरी उठतं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचा नातू तापातून उठलेला असतो, कुणाचा दोन वर्षं अडकलेला पासपोर्ट आलेला असतो. बाकीचे "देवाची स्तुती असो" म्हणतात आणि मग चहा होतो. डोंबिवलीच्या या मंडळीत मला बावीस वर्षं झाली. साक्षीची वेळ आली की मी गीतांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाचायला घ्यायचो. अनुक्रमणिका मला पाठ आहे. गीतं नाहीत.

बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला तर माझी पंचाईतच. तिथे गोल बसतात आणि एकामागून एक मोठ्याने प्रार्थना करतात. माझी पाळी आली की मला खोकला यायचा. पहिल्या दोन-तीन वेळा लोकांनी पाणी दिलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मी खोकलो की शेजारचा माणूस डोळे न उघडता पुढे सुरू करायचा. वडील माणसं मला 'मनातल्या मनात प्रार्थना करणारा' म्हणायची. हे ऐकून मला बरं वाटायचं. मनात मी काय करतो, हे त्यांना कुठे माहीत होतं. मनात मी बहुतेक वेळा पंख्याचे फेरे मोजत असायचो.

माझी बायको माझ्या अगदी उलट. मंडळीत गीत सुरू करायचं असलं की सगळे तिच्याकडे बघतात. पेटी वाजवणारासुद्धा आधी तिचा सूर ऐकतो आणि मग पट्टी शोधतो.

तिच्या गळ्यावर, डाव्या बाजूला, एक गाठ दिसायला लागली. सकाळी आरशासमोर वेणी घालताना तिने मला बोलावलं. "अहो, इथे हात लावून बघा जरा." मी हात लावला. बोराएवढी होती. दुखत नव्हती. मी म्हटलं, "दाखवू या." आणि खरंच दाखवणार होतो. पण त्या आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं, पुढच्या आठवड्यात सुट्टी मागायची तर साहेबांचा मूड नव्हता, त्यानंतर माझ्याच मनाने घेतलं की दाखवलं आणि काही निघालं तर? न दाखवलेल्या गाठीचं नाव फक्त गाठ असतं. दाखवलेल्या गाठीला नाव मिळतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला म्हटलं, "आपण प्रार्थना करू. विश्वास ठेव."

मला आता लिहितानासुद्धा लाज वाटते, पण लिहितो. माझ्यात विश्वास नव्हता. आळस होता आणि भीती होती. या दोघांना मी रविवारचे कपडे घातले, एवढंच.

बुधवारी मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली. त्यानंतर रोज सकाळी ती ट्यूबलाइटखाली मान वर करून उभी राहायची आणि विचारायची, "कमी वाटतेय का?" मी म्हणायचो, "वाटतेय." एक-दोनदा मला खरंच तसं वाटलं. माणसाला जे हवं असतं ते ट्यूबलाइटमध्ये बरं दिसतं.

मग वर्षअखेरची उपकारस्तुतीची उपासना आली. त्या दिवशी वर्षभरातल्या कृपेबद्दल साक्षी देतात. नेमकं त्या वर्षी कुणी उठेना. पाळकांनी दोनदा विचारलं. आमचे पाळक तरुण आहेत, बाइकवरून घरोघरी फिरतात, आणि शांतता त्यांना सहन होत नाही. ते माझ्याकडे बघून हसले. "काका, तुमच्याकडे काही असेल." अनुक्रमणिका हातातच होती, पण का कोण जाणे, मी उठलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "माझ्या पत्नीच्या गळ्यावर गाठ होती. आपण प्रार्थना केलीत. प्रभूने ती काढून टाकली."

'कमी वाटते' असं म्हणायचं ठरवून मी उठलो होतो. तोंडातून 'काढून टाकली' निघालं. वाक्य चांगलं वाटलं म्हणून निघालं, दुसरं कारण नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे टाळ्या सहसा वाजवत नाहीत. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने पदर गळ्याशी ओढून घेतला, ते मी पाहिलं. आणि मी खाली बसलो तो हलका होऊन बसलो, हेही खरं.

मी पोटापाण्यासाठी काय करतो हे इथे सांगायला हवं. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. टँकर गेटवर उभा असो, मालक स्वतः फोनवर असो, नमुना तपासल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही. त्यासाठी कंपनीत माझ्यावर चिडणारे पुष्कळ आहेत. एवढा मी काटेकोर.

साक्षीची बातमी पसरली. कल्याणच्या मंडळीने बोलावलं. 'जो माणूस कधी बोलत नाही त्याला देवाने बोलतं केलं' अशी माझी ओळख करून दिली, आणि मग मला बोलावंच लागलं. डोंबिवलीत बोराएवढी असलेली गाठ कल्याणला सुपारीएवढी झाली. खडवलीला नदीजवळ एक दिवसाचं प्रार्थना शिबिर होतं, तिथे लिंबाएवढी. मी ठरवून वाढवत नव्हतो. समोर माणसं जास्त असली की बोर फार लहान वाटायचं. शिवाय मला खोकलाही येईनासा झाला होता. जेवणाच्या रांगेत लोक मला पुढे करायचे, आणि मी आधी नको नको म्हणून मग जायचो.

आणि घरी खरी गाठ माझ्या साक्षीच्या मागोमाग वाढत होती. सुपारीपर्यंत ती कधीच पोहोचली होती.

बायको आता बंद गळ्याचे ब्लाउज शिवून घ्यायला लागली. एप्रिलच्या उकाड्यात पदर गळ्याभोवती. एक दिवस भाकरीचा घास घेऊन ती थांबली, पाणी प्यायली, परत थांबली. म्हणाली, "अडकतंय हो."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. डॉक्टरकडे जायचं तर मंडळीतलं कुणी ना कुणी भेटणारच. अर्ध्या नर्सा आपल्याच आहेत. तुमची साक्ष खोटी पडेल."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माझी काळजी वाटत होती. त्या वेळी मी ताट बाजूला सारून उठायला हवं होतं, रिक्षा बोलवायला हवी होती. मी म्हटलं, "अजून पंधरा दिवस बघू." माझ्या आयुष्यात चुका बऱ्याच आहेत, पण त्या सगळ्यांना एका बाजूला बसवलं तरी हे वाक्य दुसऱ्या बाजूला एकटं पुरेल.

पंधरा दिवस तिने बघितलं नाही. सोमवारी मी कामावरून आलो तर टेबलावर पिवळी फाइल होती. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी जाऊन आले. ठाण्याला गेलेले. सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासलं, आज रिपोर्ट आला."

"एकटी?"

"एकटी नाही, तीन वेळा एकटी."

मी रिपोर्ट वाचला. रसायनांचे रिपोर्ट वाचण्यात माझा जन्म गेला, तरी त्या कागदावरचा शेवटचा शब्द मी तीनदा वाचला. थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशन करायचं, जवळच्या ग्रंथींमध्येही थोडा गेलाय असं दिसतंय, आवाजाची नस तिथूनच जाते तेव्हा आवाजाची खात्री देता येत नाही. हे सगळं ती देठ खुडता खुडता सांगत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हा बरा होणारा प्रकार आहे. पण इतके महिने काय करत होतात?"

"मग?"

"मी म्हटलं, घरी पाहुणे होते."

मला तिथेच रडू आलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता मंडळीत काय सांगायचं. त्या क्षणीही माझा जीव कुठे अडकला होता ते बघा.

मी पाळकांना फोन केला. ते बिचारे ताबडतोब बाइकवरून आले, बायकोशी बोलले, मग मला गॅलरीत घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही काही सांगत बसू नका. आपण म्हणू, परत आली. असं होतं कधी कधी. लोक समजून घेतील."

मला ते इतकं पटलं की मी त्यांचा हात धरला. 'परत आली' हे किती सोपं होतं. साक्षही खरी राहत होती आणि गाठही. आत येऊन मी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "परत कुठून आली? गेली कुठे होती ती?"

पाळक खाली बघायला लागले. मी अनुक्रमणिका शोधली, पण घरी ती नसते.

ती पुढे म्हणाली, "हे बघा, गुरुवारी मला भूल देणार. मी उठेन की नाही, उठले तर बोलेन की नाही, देव जाणे. तुम्ही तोपर्यंत खरं सांगा. मला खोटी बरी झालेली बाई म्हणून टेबलावर जायचं नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बुधवार होता. संध्याकाळची प्रार्थना आमच्याच घरी होती. चौदा माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी. मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे. मागे घ्यायची नाही. त्यासाठी कधी उठायचं, उभं राहून सांगायचं की बसून, काहीच ठरलेलं नाही. मी मध्येच उठलो. गीत संपलेलं नव्हतं. लोक गायचे थांबले.

मी म्हटलं, "गाठ गेली नव्हती. कधीच गेली नव्हती. ती बोराएवढी होती तेव्हा मी म्हणालो, प्रभूने ती काढून टाकली. मी तपासलं नव्हतं. मला डॉक्टरांची भीती वाटत होती. मग तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मला ते आवडलं. तिने चार महिने माझ्यासाठी ती पदराखाली ठेवली. आता कॅन्सर निघालाय. उद्या ऑपरेशन आहे."

मग आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्क बाई, ज्यांनी एका शाळेत तीस-एक वर्षं हेडमास्तरकी केली आणि ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो, त्या खुर्चीतून म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी त्यांच्याकडे वळलो.

"तू साक्ष दिलीस त्या दिवशी मी हिच्या शेजारी बसले होते. गाठ होती तिथेच होती. मला काय दिसत नाही का?"

"मग बाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"अरे, तू बावीस वर्षांनी तोंड उघडलंस. आम्हाला त्याचंच इतकं कौतुक, की गाठीकडे बघायला कुणाला फुरसत." त्यांनी आवाज खाली आणला. "माझंही चुकलं. मी हेडमास्तरीण ना. बोलायला हवं होतं." मग नेहमीच्या आवाजात, "बस आता खाली. आणि प्रार्थना कर. तूच कर. आज खोकायचं नाही."

मी बायकोशेजारी बसलो. डोळे मिटले. कल्याणला आणि खडवलीला पल्लेदार वाक्यं येत होती, ती सगळी पळून गेली. मी सुरुवात केली, "प्रभू, उद्या सकाळी साडेसातला ठाण्याच्या हॉस्पिटलात भरती आहे. बाळकुमच्या बाजूने गेलं तर लवकर पोहोचतो." कुणीतरी हसू दाबलं. देवाला रस्ता सांगणारा मी पहिलाच असेन. पुढे म्हटलं, "डॉक्टरांचा हात सांभाळ. तिचा आवाज सांभाळ. पण आवाज गेला तरी ती राहू दे." इथे माझा श्वास संपला. उपकार मानल्याशिवाय प्रार्थना संपवत नाहीत, म्हणून मी आठवायला लागलो की कशाबद्दल मानू. बरंच आठवूनही एकच गोष्ट सापडली, जी मी तपासून सही करू शकलो असतो. मी म्हटलं, "माझी बायको माझं ऐकत नाही, याबद्दल मी तुझे उपकार मानतो. ती पंधरा दिवस थांबली नाही, याबद्दल मानतो. आमेन."

बाईंचं आमेन सगळ्यात मोठं होतं. माझ्या गुडघ्यावर बायकोचा हात होता, तो तिने तिथेच ठेवला.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. मी बाहेरच्या बाकावर तेवढा वेळ मोठ्याने नाही, पण शब्दांत प्रार्थना केली; पंखा होता, तो मोजला नाही. गाठ निघाली, ग्रंथी निघाल्या. आवाज पूर्ण आला नाही. बोलते, पण खर्जात, आणि दमते. रविवारी पेटीवाला आता स्वतःच पट्टी धरतो आणि ती ओठ हलवत असते. कुणी विचारलं तर म्हणते, "मिळालाय तेवढा पुरे." हे ती मनापासून म्हणते. मला ते मनापासून ऐकता येत नाही. चार महिने आधी गेलो असतो तर ती नस वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे मला सुटका नाही, आणि ते बरोबरच आहे.

मला रोज उपकार मानायला जमतं असं नाही. बुधवारी माझी पाळी आली की मी प्रार्थना करतो, दोन-तीन वाक्यांची. लोक म्हणतात, फारच थोडकी असते. मी मोठी करायला घाबरतो. मोठी केली की ती कुठवर जाते ते मला ठाऊक आहे.

परवा सहा महिन्यांच्या तपासणीला ठाण्याला गेलो होतो. बाकावर नंबर येईपर्यंत बसलो होतो. मी तिला विचारलं, जे इतके दिवस विचारलं नव्हतं. "मला माफ केलंस का?"

तिने फाइल मांडीवर नीट केली. म्हणाली, "एकदम होत नाही हो. रोज थोडी थोडी करते."

"आजची?"

"आजची सकाळीच झाली. उद्याची उद्या मागेन देवाकडे." आवाज बसल्यामुळे तिने ते माझ्या कानाशी येऊन सांगितलं.

आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली. मी फाइल घेतली आणि तिच्या मागून आत गेलो.